चौदा डॉलरचं कोपर

२६ मार्च २०२५, बुधवार, रात्रीचे साडेनऊ. लॅपटॉपवर घड्याळ उलटं चाललेलं. स्पेन्सर स्ट्रायडरच्या नावापुढे तेरा डॉलरची बोली, आणि ती माझी नव्हती. सात सेकंद, सहा, पाच. स्वयंपाकघरातून आवाज आला, "विरजण लावायचंय, दूध कोमट झालंय का बघ जरा." मी "हो हो" म्हणत चौदा दाबले. पंधरा कोणी म्हटलं नाही.

सांगलीच्या मार्केट यार्डात माझे आजोबा हळदीच्या सौद्याला जायचे. बाकीच्यांचे हात मागे सरले की पोत्यात आणखी एकदा हात घालून बघावा, असं ते सांगायचे. त्या रात्री मी हात घातला नाही. दूधही गारढोण झालं, ते वेगळंच.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी चार शब्द. ड्रीम इलेव्हनसारखाच हा फँटसी बेसबॉल, पण एका सामन्याचा नाही, तर सहा महिन्यांचा संसार. आमच्या ऑफिसच्या लीगमध्ये बारा टीम. प्रत्येकाला २६० खोटे डॉलर, त्यात २३ खेळाडू लिलावात घ्यायचे. मग मार्चअखेरपासून सप्टेंबरअखेरपर्यंत ते खेळाडू खऱ्या मैदानावर जे करतील ते आपल्या खात्यात. पिचरसाठी, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यासाठी, पाच रकाने: विजय, सेव्ह (थोडक्या आघाडीवरचा सामना शेवटी येऊन राखणं), स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर फलंदाज बाद), ईआरए, म्हणजे नऊ इनिंग्जमागे (इथे एक इनिंग म्हणजे तीन आउट) त्यानं किती धावा दिल्या, आणि व्हिप, म्हणजे दर इनिंगला किती फलंदाज त्यानं बेसवर जाऊ दिले. या पद्धतीला रोटिसरी म्हणतात. १९८० साली न्यूयॉर्कच्या ज्या फ्रेंच हॉटेलात काही मित्रांनी हा खेळ जमवला त्याचंच नाव खेळाला चिकटलं. अर्थ कोंबडी भाजायची जागा. सप्टेंबरात गुणतक्ता बघताना नाव अगदी चपखल वाटतं.

स्ट्रायडरच का? एक तर मी अटलांटाच्या उपनगरात राहतो आणि ब्रेव्हज ही घरची टीम, स्ट्रायडर तिचा पिचर. दुसरं म्हणजे त्याचं २०२३ साल. २० विजय, २८१ स्ट्राइकआउट, १८६ इनिंग्ज आणि वर दोन आउट. म्हणजे नऊ इनिंग्जमागे साडेतेरा फलंदाज नुसती बॅट फिरवत किंवा बघत परत. ब्रेव्हजकडे जॉन स्मोल्ट्झचा १९९६चा २७६चा आकडा होता, तो त्यानं मोडला. उंची सहा फूट, म्हणजे या धंद्यात बुटकाच. मांड्या पैलवानाच्या, मिशी तमाशातल्या पाटलाची. आणि हातात चेंडू मुख्यतः दोनच, फास्टबॉल आणि शेवटी वळणारा स्लायडर. हे 'दोनच' मी तेव्हा कौतुकानं सांगायचो.

५ एप्रिल २०२४ला ॲरिझोनाविरुद्ध चार इनिंग्ज टाकल्यावर त्यानं कोपर दुखत असल्याचं सांगितलं. आठवड्याभरात, १२ एप्रिलला, टेक्सासमध्ये शस्त्रक्रिया. हंगाम तिथेच संपला. तेव्हा तो लीगमधल्या दुसऱ्याच कोणाकडे होता, म्हणून मला हळहळही फुकटात करता आली.

पुढच्या ड्राफ्टची, म्हणजे लिलावाची, तयारी मी जानेवारीत सुरू केली. दिवसभर ऑफिसात दुसऱ्यांचे अंदाज तपासतो, संध्याकाळी स्वतःचे करतो. एक शीट उघडली. रकाने असे: शस्त्रक्रियेची तारीख, प्रकार, पहिली की दुसरी, वय, शेवटचं पूर्ण वर्ष, परतायचा महिना, किती इनिंग्ज मिळतील. 'प्रकार' या रकान्यात अडलो आणि मिरजेच्या मामेभावाला फोन लावला. तो हाडांचा डॉक्टर. बेसबॉल त्यानं जन्मात पाहिलेला नाही, पण कोपर मात्र हजारोंनी पाहिलीत.

"दादा, अल्नर कोलॅटरल लिगामेंट म्हणजे नक्की कुठं?"

"कोपराच्या आतल्या बाजूला. हात मागं नेऊन जोरात पुढं फेकतोस ना, तेव्हा कोपर आतल्या अंगानं उघडायला बघतं. ते उघडू न देणारी दोरी ती. आपल्या फास्ट बॉलरचा हात सरळ फिरतो, त्यांची पाठ जाते. तुझ्या ह्या लोकांचं कोपर जाणार."

मग त्यानं व्हिडिओवर मला अंगठा आणि करंगळी जुळवून मनगट थोडं आत वाकवायला लावलं. मनगटाच्या मधोमध एक कंडरा दोरीसारखी वर आली. "ही बघ पामारिस लाँगस. हिच्यावाचून तुझं काही अडत नाही, काहींना तर जन्मतःच नसते. बरेचदा हीच काढून कोपरात बसवतात." त्यानं स्वतःच्या मनगटावर करून दाखवलं, तर त्याच्या डाव्या हाताला ती नव्हतीच. चाळीस वर्षं ओळखत असलेल्या माणसाबद्दल हे मला त्या दिवशी कळलं.

हेच ते टॉमी जॉन ऑपरेशन. सप्टेंबर १९७४मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी डॉजर्सचा पिचर टॉमी जॉन याच्यावर ते पहिल्यांदा केलं. तो १९७५ पूर्ण बसला, १९७६ला परतला आणि १९८९पर्यंत खेळला. त्याच्या २८८ विजयांपैकी १६४ शस्त्रक्रियेनंतरचे. या गोष्टीनं फँटसीवाल्यांचं जितकं नुकसान केलंय तितकं कशानंच केलं नसेल. कोणाचंही कोपर गेलं की आम्ही म्हणतो, दीड वर्षात परत येईल, टॉमी जॉन नाही का आला.

स्ट्रायडरचं ते ऑपरेशन २०१९मध्ये, कॉलेजात असतानाच झालं होतं. २०२४चं दुसरं, पण वेगळ्या जातीचं. पहिल्या दुरुस्तीतून लिगामेंटमध्ये हाडाचा एक कण तयार झाला होता आणि तोच टोचत होता. तो काढला आणि आत आधाराला एक पट्टी बसवली. याला इंटर्नल ब्रेस म्हणतात. यात नवी कंडरा आतल्या हाडाशी एकजीव व्हायची वाट बघावी लागत नाही, म्हणून परतण्याचा काळही कमी, साधारण वर्षाच्या आसपास. मी शीटमध्ये लिहिलं: एप्रिलचा मध्य. खरोखरच तो १६ एप्रिल २०२५ला परतला, शस्त्रक्रियेला वर्ष आणि वर चार दिवस. त्या दिवशी मी स्वतःच्या पाठीवर इतकी थाप मारून घेतली की खांदा दुखला असेल.

फोन ठेवताना दादा एक वाक्य बोलला होता. "सांधा बरा होणं माझं काम रे. फेक बरी होणं माझ्या हातात नाही, ते त्याचं तो बघेल." ते वाक्य मी कुठल्याच रकान्यात घातलं नाही. घालायला रकाना नव्हता.

इनिंग्जचा हिशेब मात्र मन लावून केला. एप्रिलच्या मध्यापासून सप्टेंबरअखेर म्हणजे साडेपाच महिने. दर पाच-सहा दिवसांनी एक सामना धरला तर जास्तीत जास्त २८. टीम पहिल्या वर्षी जपून वापरणार, एखादा स्नायू आखडणार, म्हणून धरले २२. दर सामन्याला साडेपाचच्या जरा खाली, एकूण १२० इनिंग्ज. त्यावर स्ट्राइकआउटचा दर लावायचा. पूर्वीचा साडेतेरा, आजारी माणूस म्हणून एक वजा, साडेबारा. झाले १६७ स्ट्राइकआउट. ईआरए लिहिला ३.२०. हा साडेबारा कुठून आला, असं त्या रात्री कोणी विचारलं असतं तर मला उत्तर देता आलं नसतं. माझ्या हाताखालच्या पोरानं असा आकडा आणला असता तर मी फाईल परत पाठवली असती.

त्या वर्षी लिलावात मोठ्या शस्त्रक्रियेतून परतणारे आणखी तिघे होते. टेक्सासचा जेकब डिग्रॉम, दुसरं टॉमी जॉन जून २०२३मध्ये, २०२४च्या शेवटी जेमतेम तीन सामने, वय ३६. मायामीचा सँडी अल्कांतारा, २०२२चा साय यंग, म्हणजे सर्वोत्तम पिचरच्या पुरस्काराचा, विजेता, शस्त्रक्रिया ऑक्टोबर २०२३. टँपाचा शेन मॅक्लॅनहन, दुसरी शस्त्रक्रिया ऑगस्ट २०२३. शीटनं डिग्रॉमला सर्वांत खाली टाकलं होतं, वय बघून. मॅक्लॅनहन माझा दुसऱ्या नंबरचा. पण ड्राफ्टला काही दिवस उरले असताना सरावाच्या सामन्यात चेंडू टाकता टाकता दंडाला कळ येऊन तो मैदानाबाहेर गेला. ट्रायसेप्सची नस. म्हणून अशा परतणाऱ्यांसाठी ठेवलेले पैसे मी स्ट्रायडरवर राखले. डिग्रॉम एकवीसला गेला, आमच्या कमिशनरकडे, म्हणजे लीग चालवणाऱ्याकडे. कमिशनर मूळचा ओहायोचा, साठीला आलेला, शीटबीट काही नाही, कागदावर पेन्सिलीनं खुणा. बोली लागली तेव्हा मी चॅटमध्ये म्हाताऱ्याची काठी टाकली होती. ती चित्रखूण अजून तिथेच आहे.

आणि मी काही आंधळेपणानं गेलो असंही नाही. मार्चमधल्या सरावसामन्यात बोस्टनविरुद्ध त्यानं आठ फलंदाज बघितले आणि त्यातले सहा स्ट्राइकआउट केले. ड्राफ्टनंतर, एप्रिलमध्ये, तो रिहॅबसाठी ग्विनेटकडून खेळला. ही ब्रेव्हजची खालची टीम, तिचं मैदान आमच्या घरापासून वीस मिनिटांवर. पिचरला अशा तालमीसाठी जास्तीत जास्त तीस दिवस मिळतात. त्यातल्या एका सामन्यात त्यानं सहा इनिंग्जसुद्धा न टाकता १३ स्ट्राइकआउट घेतले. मी मीटिंगमध्ये होतो, फोन टेबलाखाली. तेरावा पडल्यावर मी "येस" म्हणालो आणि समोरच्याला वाटलं, मी त्याच्या बजेटला होकार दिला.

त्याच बातमीच्या खाली फास्टबॉलचा वेग दिलेला असायचा. वाचला होता. २०२२मध्ये सरासरी ९८ मैल, २०२३मध्ये ९७, आणि आता ९५च्या घरात. किलोमीटरमध्ये सांगायचं तर १५६चा माणूस १५३वर. आपल्याकडे १५३ म्हटलं की मैदान उठून उभं राहील. म्हणूनच माझा घोटाळा झाला बहुतेक. लहानपणापासून १४०ला वेगवान म्हणणारा मी, मला ९५ मैलांत काही उणं दिसलंच नाही. म्हटलं, हळूहळू येईल, हात मोकळा व्हायचाय अजून.

पण या खेळात मधलं अंतर साठ फूट सहा इंच. चेंडू हातातून सुटल्यापासून फलंदाजापाशी यायला चार दशांश सेकंदांच्या आसपास लागतात. त्यात काही सहस्रांशांची सवड मिळाली की पूर्वी ज्या बॅटीखालून चेंडू निसटायचा तिला तो आता निदान चाटून जातो. फाउल. पुन्हा टाक. पुन्हा फाउल. ज्याच्याकडे चार-पाच तऱ्हेचे चेंडू आहेत तो वेग घटला तरी वेळ मारून नेतो. ज्याच्याकडे दोनच, त्याचा एक बोथट झाला की दुसऱ्याकडे फलंदाज टक लावून बसतात. फास्टबॉलची भीती होती म्हणून तर स्लायडरवर ते फसायचे. हे सगळं मी आता मोठ्या ज्ञानी माणसासारखं लिहितोय. मे महिन्यापर्यंत माझ्या डोक्यात एवढंच होतं, की कोपर दुखत नाही ना? मग झालं.

१६ एप्रिलला टोरांटोत पाच इनिंग्ज, दोन धावा, पाच स्ट्राइकआउट. हार, पण ठीक. पाच दिवसांनी साधा झेलाझेलीचा सराव करताना मांडीचा मागचा स्नायू दुखावला. परत इंजर्ड लिस्ट, म्हणजे जखमींची यादी. फँटसीत जखमींसाठी वेगळे खण असतात, आमच्यात दोन. तिथे ठेवलेला खेळाडू जागा खात नाही, म्हणून लोकांना वाटतं, जखमी पिचर फुकटात सांभाळता येतो. तसं नसतं. तो खण अडला की मे महिन्यात जायबंदी झालेल्या धडधाकट फलंदाजाला सोडून द्यावं लागतं. मी तसा एक सोडला. तो कोणी उचलला ते सांगत नाही, कमिशनरचं नाव किती वेळा घ्यायचं.

२० मेला स्ट्रायडर परतला. पहिले दोन-तीन सामने मी त्याला बाकावर ठेवलं आणि ते बरोबर ठरलं. अख्ख्या हंगामातला माझा एवढाच शहाणपणा.

मग १४ जूनचा शनिवार. कोलोराडो रॉकीज ट्रुइस्ट पार्कवर. मुलीला घेऊन गेलो. तिला बेसबॉलशी कर्तव्य नाही, तिला तिथले बटाट्याचे तळलेले काप आवडतात. आम्ही तिसऱ्या बेसच्या बाजूला, बऱ्याच वरच्या रांगेत. उन्हानं खुर्च्या तापलेल्या. स्ट्रायडर स्ट्राइकआउटवर स्ट्राइकआउट घेत होता. प्रत्येक गड्याला लोक उभे राहत होते, मुलगी बोटं मोजत होती. "बाबा, माझी बोटं संपली," ती म्हणाली, तेव्हा अकरावा पडला होता. एकूण तेरा झाले. सहा इनिंग्जमध्ये तेरा. समोरच्या फलकावर दर चेंडूनंतर वेग उमटत होता. ९५. ९६. ९५. एखादा ९७. मी बघत होतो आणि बघत नव्हतो. समोर कोण आहे हेही मी बघितलं नाही. रॉकीजनी त्या हंगामात ११९ सामने गमावले. आमच्या गल्लीच्या टीमनं, बटाट्याचे काप खात, त्यांच्यापुढे सहा तरी काढले असते.

त्याच रात्री लीगमधल्या एकानं देवघेवीचा प्रस्ताव पाठवला. तिसऱ्या बेसवरचा एक बरा फलंदाज आणि वर एक क्लोजर, म्हणजे शेवटी येऊन सेव्ह मिळवणारा पिचर, बदल्यात स्ट्रायडर. मला दोन्हींची गरज होती. क्लोजरची तर फारच, सेव्हच्या रकान्यात मी शेवटून दुसरा होतो. मी 'नाही' दाबलं, खाली दात विचकलेला चेहरा टाकला. बायको म्हणाली, "तुला त्याचा क्लोजर हवा होता ना?" मी म्हटलं, "अगं, पोरगं परत आलंय." ती काही बोलली नाही. सोळा वर्षांच्या संसारात ही शांतता ओळखू येते.

जुलै-ऑगस्टचं विस्तारानं सांगण्यात अर्थ नाही. एखादा सामना देखणा, पुढच्यात तिसऱ्याच इनिंगला धावा पाण्यासारख्या. दर वेळी मी ठरवायचो की आता बाकावर. मग पुढचा प्रतिस्पर्धी लिंबूटिंबू दिसला की परत आत. रोटिसरीत ईआरए एकदा चढला की दुधात पडलेल्या मिठासारखा, काढता येत नाही. माझ्या बाकीच्या पिचरांनी एप्रिलपासून जे राखलं होतं ते त्यानं माझ्याच परवानगीनं सांडलं.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात जानेवारीची शीट उघडली आणि शेजारी खरे आकडे लिहिले. सामने: माझा अंदाज २२, खरे २३. इनिंग्ज: माझा अंदाज १२०, खऱ्या सव्वाशे आणि वर एक आउट. इथपर्यंत माझ्यासारखा ज्योतिषी पंचक्रोशीत नाही. स्ट्राइकआउट: १६७ म्हटले होते, निघाले १३१. नऊ इनिंग्जमागे साडेबारा नव्हे, साडेनऊच्या जरा खाली. ईआरए ३.२०च्या जागी ४.४५. विजय सात, पराभव चौदा. म्हणजे तो कधी येणार, किती खेळणार, हे सगळं मला बरोबर कळलं होतं. कोण येणार एवढंच नव्हतं कळलं.

कमिशनरच्या डिग्रॉमनं १७२ इनिंग्ज टाकल्या, ईआरए २.९७, १२ विजय, १८५ स्ट्राइकआउट. ट्रॉफीही त्याच्याकडेच गेली. मॅक्लॅनहन वर्षभरात मुख्य लीगमध्ये एक चेंडू टाकू शकला नाही. अल्कांताराचं मला फार वाटतं. त्याचा वेग जवळपास जुनाच होता, चेंडू हवा तिथे पडायचा नाही, आणि हंगाम ५.३६वर संपला. म्हणजे वेगाचा रकाना घातला की सुटलो, असंही नाही. घातलाय तरी. रिहॅबमध्ये स्ट्राइकआउट किती हे आता मी बघत नाही, समोर कोवळी पोरं असतात. फास्टबॉल किती आला, चौथ्या इनिंगला किती उरला, आणि वॉक, म्हणजे चार वाईट चेंडूंवर फुकटचे बेस, किती दिले, एवढं बघतो. सगळ्यात उजवीकडे 'चेंडू किती तऱ्हेचे' असाही एक रकाना आहे. त्याच्या डोक्यावर दादाचं ते वाक्य टाकून ठेवलंय. पुढच्या मार्चसाठी पहिली ओळ यांकीजच्या गेरिट कोलची आहे. टॉमी जॉन मार्च २०२५, वय ३५. पहिले चार रकाने भरलेत. बाकीचे भरायची घाई नाही.

दिवाळीला दादाचा फोन आला. फराळ, पाऊस, मामीची साखर असं सगळं झाल्यावर त्याला आठवलं.

"अरे, तुझ्या त्या पोराचं काय झालं? कोपर कसं आहे?"

"कोपर अगदी ठणठणीत आहे, दादा," मी म्हटलं. "वर्षभरात एकदाही दुखलं नाही."

"बघ," तो खूश होऊन म्हणाला. "सांगितलं नव्हतं?"